ग्रॅनी स्मिथ: ओढ्याकाठच्या एका रोपापासून जगभर पसरलेले हिरवे सफरचंद

हिरव्या सालीचे, टणक गराचे आणि स्पष्ट आंबट चवीचे ग्रॅनी स्मिथ हे सफरचंद आज ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, इटली आणि अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्य अशा एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशांत पिकते. या सगळ्या बागांमधले प्रत्येक ग्रॅनी स्मिथ झाड जनुकीय दृष्टीने एकाच झाडाचा विस्तार आहे आणि ते मूळ झाड एकोणिसाव्या शतकात सिडनीजवळच्या एका शेतात, कोणीही मुद्दाम न लावता, आपोआप उगवले होते. पहिल्यांदा ऐकताना हे विधान अतिशयोक्तीचे वाटते, परंतु सफरचंदाची लागवड कशी होते हे समजले की ते शब्दशः खरे आहे हे लक्षात येते. या फळाचा इतिहास आणि त्याचे उपयोग एकमेकांशी घट्ट जोडलेले आहेत, कारण ज्या गुणांमुळे शेजाऱ्यांनी ते रोप जपले, त्याच गुणांमुळे ते पुढे जहाजांतून समुद्रापार गेले आणि आजही स्वयंपाकघरात मागितले जाते.

स्मिथ आजींचे शेत

मारिया ॲन शेरवुड यांचा जन्म १७९९ साली इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील पीझमार्श या गावी एका शेतमजूर कुटुंबात झाला. १८१९ साली त्यांचे लग्न थॉमस स्मिथ यांच्याशी झाले आणि तेही शेतमजूरच होते. त्या काळी दक्षिण इंग्लंडमधील शेतमजुरांची मिळकत तुटपुंजी होती, तर न्यू साउथ वेल्स या वसाहतीला शेतीकाम जाणणारी माणसे हवी होती आणि अशा कुटुंबांना तिकडे नेण्याची सोय वसाहतीच्या सरकारने केली होती. त्या सोयीचा लाभ घेऊन स्मिथ कुटुंब १८३८ साली मुलाबाळांसह ‘लेडी न्यूजंट’ या जहाजाने निघाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर सिडनीला उतरले. सिडनीच्या वायव्येला राइड नावाचा फळबागांचा परिसर होता. तेथे ते स्थायिक झाले आणि दीड दशकाहून अधिक काळ कष्ट केल्यानंतर, १८५०च्या दशकाच्या मध्यास, त्यांनी ईस्टवुड येथे २४ एकर जमीन ६०५ पौंडांना विकत घेतली. मजुरी करून आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. या शेतात त्यांनी फळझाडे लावली. मारिया यांना पुढे परिसरातले लोक ‘ग्रॅनी स्मिथ’, म्हणजे स्मिथ आजी, म्हणून ओळखू लागले.

नव्या सफरचंदाचे रोप लक्षात आले ते १८६८ साली. या प्रसंगाची लेखी नोंद मात्र त्या वेळी झाली नाही. ती झाली १९२४ साली, म्हणजे तब्बल ५६ वर्षांनी, जेव्हा हर्बर्ट रम्सी यांनी एका शेतीविषयक नियतकालिकात या वाणाच्या उगमावर लेख लिहिला आणि त्यासाठी प्रसंग आठवणाऱ्या माणसांकडून माहिती घेतली. एडविन स्मॉल हे फळबागायतदार १८६८ साली लहान मुलगा होते आणि मारिया यांनी आपल्या वडिलांना व आपल्याला शेतातल्या ओढ्याकाठी उगवलेले एक सफरचंदाचे रोप पाहायला बोलावले होते, असे त्यांनी सांगितले. टास्मानियातून आलेल्या ‘फ्रेंच क्रॅब’ जातीच्या सफरचंदांचे उरलेसुरले अवशेष तेथे टाकले होते आणि त्यांतल्या बीपासून हे रोप आले असावे, असे मारिया यांनी स्वतः त्यांना सांगितले होते. कुटुंबाच्या आठवणींत आणखी एक हकीकत येते: मारिया स्वयंपाकासाठी फ्रेंच क्रॅब सफरचंदे पारखत असताना त्यांचे गाभे खिडकीबाहेर टाकत असत आणि त्या खिडकीखालीच हे रोप उगवले.

या दोन हकीकतींपैकी ओढ्याकाठची अधिक विश्वसनीय मानावी, असे मला वाटते, कारण ती ज्याने रोप डोळ्यांनी पाहिले त्याच्याकडून आलेली आहे. रोप नेमके कोठे उगवले यापेक्षाही दोन्ही हकीकतींत समान असलेली बाब महत्त्वाची आहे, आणि ती म्हणजे फ्रेंच क्रॅबचा उल्लेख. फ्रेंच क्रॅब हे जुने, हिरवे, टणक आणि फार दीर्घकाळ टिकणारे स्वयंपाकाचे सफरचंद होते. ग्रॅनी स्मिथचे पुढे प्रसिद्ध झालेले गुण पाहता ते त्याचे मातृझाड असणे पटण्यासारखे आहे. फुलावर पराग कोणत्या झाडाचा पडला होता याची नोंद होणे त्या काळी शक्यच नव्हते, कारण ते काम मधमाश्यांनी केले होते आणि कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते.

मारिया यांनी या रोपाची जोपासना केली, परंतु ९ मार्च १८७० रोजी, रोप लक्षात आल्यानंतर जेमतेम दोन वर्षांत, त्यांचे निधन झाले. आपल्या नावाचे सफरचंद बाजारात गाजलेले त्यांनी पाहिले नाही. हे सफरचंद टिकले याचे श्रेय त्यांच्या इतकेच त्यांच्या शेजाऱ्यांनाही दिले पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन, कारण एखादे उत्तम रोप उगवणे आणि ते वाण म्हणून टिकणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एडवर्ड गॅलार्ड या स्थानिक बागायतदारांनी स्मिथ कुटुंबाच्या जमिनीचा काही भाग घेतला, या झाडाची मोठ्या प्रमाणावर लागवड केली आणि फळे परिसरात विकत राहिले. १८९० साली कॅसल हिल येथील कृषी प्रदर्शनात हे फळ ‘स्मिथ्स सीडलिंग’ या नावाने मांडले गेले आणि पुढच्याच वर्षी ‘ग्रॅनी स्मिथ्स सीडलिंग’ या नावाने त्याला स्वयंपाकाच्या सफरचंदांच्या गटात बक्षीस मिळाले. १८९५ साली न्यू साउथ वेल्सच्या कृषी खात्यातील फलोद्यान तज्ज्ञ अल्बर्ट बेन्सन यांनी निर्यातीला योग्य अशा वाणांत त्याचा समावेश केला आणि बाथर्स्ट येथील सरकारी प्रयोगक्षेत्रावर त्याची झाडे लावली गेली. येथून ते एका वस्तीचे फळ राहिले नाही.

बी पेरून हे सफरचंद का मिळत नाही

ग्रॅनी स्मिथच्या बिया पेरल्या तर झाड उगवेल, मोठे होईल, फळेही देईल, परंतु ती फळे ग्रॅनी स्मिथ नसतील. ती लहान असतील, तुरट असतील, क्वचित गोड असतील, कदाचित लाल असतील, पण मूळ फळासारखी येण्याची शक्यता जवळजवळ नसते. याचे पहिले कारण असे की सफरचंदाच्या पेशीत गुणसूत्रांच्या १७ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील दोन प्रती एकमेकींपासून पुष्कळ वेगळ्या असतात. बी तयार होताना प्रत्येक जोडीतली एकेकच प्रत, तीही अदलाबदल होऊन, पुढे जाते. पत्ते पिसून नव्याने वाटल्यावर आधीचाच हात पुन्हा येत नाही, तसेच येथे घडते. एका सफरचंदाच्या गाभ्यात पाच कप्पे असतात आणि प्रत्येकात साधारण दोन बिया असतात. एकाच फळातल्या या दहा बिया म्हणजे दहा वेगवेगळी भावंडे असतात.

दुसरे कारण सफरचंदाच्या फुलाच्या स्वभावात आहे. सफरचंदाचे झाड स्वतःचाच पराग सहसा स्वीकारत नाही. फुलातील स्त्रीकेसराच्या कुक्षीवृंतात असे एक प्रथिन असते, जे स्वतःच्याच जनुकीय ओळखीचा पराग आला की त्याची वाढणारी नलिका थांबवते. त्यामुळे फलधारणेसाठी वेगळ्या वाणाचा पराग लागतो, आणि प्रत्येक बीचा पिता मातेहून वेगळा असतो. याचा लागवडीवर थेट परिणाम होतो: फक्त ग्रॅनी स्मिथची झाडे असलेल्या बागेत फळे कमी धरतात, म्हणून त्याच सुमारास फुलणाऱ्या दुसऱ्या वाणाची झाडे बागेत अधूनमधून लावावी लागतात. उलट दिशेने ग्रॅनी स्मिथ स्वतः मात्र इतर वाणांसाठी उपयुक्त पराग देणारे झाड मानले जाते, कारण त्याचा मोहर बरेच दिवस टिकतो आणि पराग सक्षम असतो.

मग एका रोपाची कोट्यवधी झाडे झाली कशी? कलम करून. हव्या असलेल्या झाडाची डोळे असलेली काडी कापून ती दुसऱ्या मुळांवर वाढलेल्या रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, छाटलेल्या भागावर अशा रीतीने बसवतात की दोन्हींच्या सालीखालचे जिवंत, वाढणारे थर एकमेकांना भिडतात. किंवा फक्त एक डोळा काढून खुंटाच्या सालीत भरतात. जोड सांधला की वरचा सगळा भाग काडीच्या झाडाचा असतो आणि मुळे खुंटाची असतात. वरच्या भागात बीजनिर्मितीचा टप्पाच येत नसल्यामुळे जनुकांची फेरवाटणी होत नाही आणि गुण जसेच्या तसे राहतात. मारिया यांच्या शेतातल्या झाडाची काडी गॅलार्ड यांच्या बागेत गेली, त्या झाडांच्या काड्या बाथर्स्टला आणि पुढे इतर देशांत गेल्या, अशी ही अखंड साखळी आहे. मूळ रोपाचे खोड केव्हाच नाहीसे झाले, तरी त्याच्या पेशींचे विभाजन आजही चालू आहे.

खुंट हा केवळ आधार नसतो. झाड किती उंच वाढेल, किती वर्षांनी फळ धरील आणि कोणत्या मातीत तग धरील, हे बऱ्याच अंशी खुंटावर अवलंबून असते. इंग्लंडमधील केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग येथे विसाव्या शतकात सफरचंदाच्या खुंटांचे पद्धतशीर वर्गीकरण झाले आणि तेथील ‘एम ९’ या ठेंगण्या खुंटावर वाढवलेली झाडे आज शिडीशिवाय फळे काढता येतील इतकी बुटकी ठेवली जातात. कधीकधी कलमी झाडाच्या एखाद्याच फांदीत नैसर्गिक बदल घडतो आणि तिच्यावरची फळे किंवा फांदीची ठेवण किंचित वेगळी दिसते. अशा फांदीवरून पुन्हा कलमे करून उपप्रकार निर्माण होतात. आखूड, दाट फळफांद्या असलेला ‘ग्रॅनस्पर’ हा अशाच प्रकारचा आहे. म्हणजे सर्व झाडे एकाच झाडाचा विस्तार आहेत हे खरे असले, तरी दीडशे वर्षांत त्या विस्तारात असे बारीकसारीक फरक साचत आले आहेत.

हिरवेपणा आणि आंबटपणा

बहुतेक सफरचंदे कोवळी असताना हिरवी असतात. पिकताना सालीतील हरितद्रव्य कमी होते आणि लाल वाणांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होते. सालीत हे लाल द्रव्य बनवण्याची आज्ञा देणारे एक नियंत्रक जनुक असते आणि त्याला सूर्यप्रकाश व थंड रात्री यांची चालना लागते. ग्रॅनी स्मिथमध्ये या जनुकाचे काम अतिशय मंद चालते, त्यामुळे फळ पिकले तरी हिरवेच दिसते. म्हणून ‘हिरवे म्हणजे कच्चे’ हा समज या वाणाला लागू होत नाही. भरपूर ऊन आणि गार रात्री असतील, तर उन्हाकडच्या बाजूला फिकट गुलाबी झाक येऊ शकते, तिच्यात काही दोष नाही. फार पिकलेले किंवा खूप दिवस साठवलेले फळ मात्र पिवळसर होते, आणि ते चवीला जास्त सौम्य लागते.

आंबटपणाविषयी एक गैरसमज फार रुजलेला आहे. ग्रॅनी स्मिथ आंबट लागते म्हणजे त्यात साखर फार कमी असणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांनुसार १०० ग्रॅम ग्रॅनी स्मिथमध्ये साधारण ९.६ ग्रॅम साखर असते, रेड डेलिशसमध्ये सुमारे १०.५ ग्रॅम आणि फुजीमध्ये सुमारे ११.७ ग्रॅम. उष्मांकही जवळपास सारखेच, १०० ग्रॅमला ६०च्या आसपास. म्हणजे फरक आहे, पण जीभ सांगते तेवढा मोठा नाही. खरा फरक मॅलिक आम्लाच्या प्रमाणात आहे. गराच्या पेशींत एक मोठी पोकळी असते, तिला रिक्तिका म्हणतात आणि तिच्यात पाणी, साखर व आम्ले साठवलेली असतात. मॅलिक आम्ल या पोकळीत नेणारे एक वाहक प्रथिन सोळाव्या गुणसूत्रावरील जनुकावरून बनते आणि त्या जनुकाच्या कोणत्या प्रती वाणाला मिळाल्या आहेत, यावर फळ आंबट होणार की सौम्य, हे मोठ्या प्रमाणात ठरते. ग्रॅनी स्मिथच्या रसाचा पीएच साधारण ३ ते ३.५ असतो, तर सौम्य वाणांचा ४च्या जवळ. पीएच मोजण्याच्या पट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे लक्षात घेतले तर जिभेला जाणवणारी तफावत समजते. मधुमेह असलेल्यांनी किंवा वजनाची काळजी करणाऱ्यांनी ‘आंबट आहे, तेव्हा कितीही चालेल’ असे मानू नये, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. त्याचबरोबर इतकी आम्लता दातांच्या वरच्या कठीण थराला मऊ करू शकते, म्हणून हे सफरचंद खाल्ल्याबरोबर दात घासण्याऐवजी साध्या पाण्याने चूळ भरणे आणि थोडा वेळ जाऊ देणे बरे.

हे आम्ल कायम तेवढेच राहत नाही. फळ झाडावरून काढल्यानंतरही श्वसन करत असते आणि त्या क्रियेत साखरेबरोबर मॅलिक आम्लही खर्ची पडते. त्यामुळे नुकतेच काढलेले ग्रॅनी स्मिथ आणि सहा महिने साठवलेले ग्रॅनी स्मिथ यांच्या चवीत फरक असतो, आणि एकाच वाणाचे फळ कधी झणझणीत आंबट तर कधी मवाळ का लागते, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच असते.

स्वयंपाकातले स्थान

१८९१ सालचे बक्षीस स्वयंपाकाच्या सफरचंदांच्या गटातले होते, आणि माझ्या मते या फळाची खरी ताकद आजही तेथेच आहे. भट्टीत भाजायच्या पदार्थांत साखर, लोणी आणि पीठ असते. सौम्य सफरचंद त्यांत चवीने हरवून जाते, तर ग्रॅनी स्मिथचा आंबटपणा त्या गोडव्याला तोलून धरतो. दुसरा गुण असा की शिजल्यावर त्याच्या फोडी बऱ्यापैकी आकार धरून राहतात. आंबटपणामुळेच फोडी घट्ट राहतात, असे स्पष्टीकरण कधीकधी दिले जाते, परंतु ते अपुरे आहे. इंग्लंडमधील ब्रॅमली हे सफरचंदही अतिशय आंबट असते, तरी ते शिजल्यावर पूर्ण विरघळून त्याचा मऊ लगदा होतो. फोड टिकते की विरघळते, हे गराच्या पेशी एकमेकींना किती घट्ट चिकटलेल्या आहेत, त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या किती आहेत आणि त्यांना जोडणारे पेक्टिन उष्णतेला किती टिकते, यांवर अवलंबून असते. ग्रॅनी स्मिथचा गर दाट असतो, म्हणून अखंड फोडी हव्या असतील तेथे ते निवडावे.

पेक्टिनचा दुसरा उपयोग मुरांबा, जॅम आणि जेली करताना होतो. जेली घट्ट बसण्यासाठी पेक्टिन, साखर आणि आम्ल या तिन्हींचे योग्य प्रमाण लागते. स्ट्रॉबेरीसारख्या पेक्टिन कमी असलेल्या फळांच्या जॅममध्ये आंबट हिरव्या सफरचंदाचा कीस किंवा साल व गाभ्यासकट उकळून गाळलेले पाणी घातले, तर पेक्टिन आणि आम्ल दोन्ही एकदम मिळतात. साल आणि गाभा यांत पेक्टिन विशेष असते, म्हणून या कामासाठी ते भाग फेकू नयेत.

कच्चे खाताना त्याच्या करकरीतपणाला महत्त्व येते. कोशिंबिरीत, चीजबरोबर, खारवलेल्या किंवा तेलकट पदार्थांच्या सोबतीला ते चांगले जाते, कारण आम्लामुळे तोंडातला स्निग्धपणा कमी जाणवतो. आवाजाचे काम करणारे कलावंत ध्वनिमुद्रणापूर्वी हिरव्या सफरचंदाच्या फोडी खातात, त्यामागेही आम्लच आहे: त्याने लाळ सुटते आणि कोरड्या तोंडातून येणारे चिटचिट आवाज कमी होतात.

कापलेली फोड तपकिरी होण्यामागे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे प्रथिन (एन्झाइम), असते. सुरी फिरली की पेशी फुटतात, आतली पॉलिफिनॉल द्रव्ये, हवेतला प्राणवायू आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकत्र येतात आणि तपकिरी रंगद्रव्ये बनतात. आम्लात हे विकर मंदावते, म्हणून ग्रॅनी स्मिथची फोड अनेक गोड वाणांपेक्षा सावकाश काळवंडते, आणि लिंबाचा रस चोळल्याने हा काळ आणखी लांबतो. कॅनडातील एका कंपनीने जनुकीय तंत्राने या विकराची निर्मितीच जवळजवळ थांबवलेले ‘आर्क्टिक ग्रॅनी’ हे सफरचंद तयार केले आणि त्याला २०१५ साली अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांत मान्यता मिळाली. या बदलात बाहेरच्या प्राण्याचे जनुक घालून नवे प्रथिन बनवणे हा हेतू नव्हता, तर सफरचंदाच्याच जनुकांचे काम दाबणे हा होता. एवढी माहिती समोर असल्यावर ते घ्यावे की न घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

दूरच्या प्रवासाला सोसणारे फळ

ग्रॅनी स्मिथला मोहरापासून काढणीपर्यंत साधारण सहा महिने लागतात. उशिरा तयार होणारी सफरचंदे सामान्यतः अधिक टणक आणि टिकाऊ असतात, आणि हाच गुण या वाणाच्या प्रसाराला कारणीभूत ठरला. शीतगृहयुक्त जहाजांची सोय झाल्यावर ऑस्ट्रेलियातून युरोपपर्यंतचा अनेक आठवड्यांचा प्रवास हे फळ सोसू शकत होते, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याची लागवड झपाट्याने वाढली. १९७५ सालापर्यंत ऑस्ट्रेलियाच्या एकूण सफरचंद उत्पादनाचा सुमारे ४० टक्के भाग या एकाच वाणाचा होता. दक्षिण गोलार्धात त्याची काढणी साधारण मार्चअखेर ते मे या काळात आणि उत्तर गोलार्धात ऑक्टोबरच्या सुमारास होते, त्यामुळे दोन्हीकडच्या पिकांतून ते वर्षभर उपलब्ध राहते. मात्र एवढ्या लांब हंगामाची गरज असल्याने, जेथे उन्हाळा थंड आणि तोकडा असतो तेथे ते नीट तयार होत नाही. मारिया यांच्या जन्मभूमीत, इंग्लंडमध्ये, या झाडाला चांगली फळे येणे म्हणूनच कठीण जाते.

साठवणुकीचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. फळाचा श्वासोच्छ्वास जितका मंद, तितके ते टिकते. थंडीने श्वसन मंदावते, आणि हवेतला प्राणवायू कमी केला तर आणखी मंदावते, हे केंब्रिज येथे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात पद्धतशीर प्रयोगांनी दाखवले. त्यावरून नियंत्रित हवेची शीतगृहे आली. त्यांत तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या किंचित वर, तर प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १ ते ३ टक्क्यांवर आणलेला असतो, आणि अशा खोलीत ग्रॅनी स्मिथ अनेक महिने, कधी पुढचा हंगाम येईपर्यंत, चांगले राहते.

या वाणाची एक कमजोरी मात्र उत्पादकांना फार सतावते. काही महिने थंडीत ठेवून बाहेर काढल्यावर थोड्याच दिवसांत सालीवर तपकिरी डाग पसरतात, आत गर चांगला असला तरी फळ भाजल्यासारखे दिसते. सालीत अल्फा-फार्नेसीन नावाचे द्रव्य तयार होते आणि त्याचे ऑक्सिडीकरण होऊन बनणारे पदार्थ सालीच्या पेशी मारतात, असे याचे स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण आहे. लवकर तोडलेल्या फळांत हा विकार जास्त दिसतो. पूर्वी डायफिनिलअमाइन या रसायनात फळे बुडवून तो टाळत, परंतु युरोपीय संघाने त्याच्या वापराची मान्यता काढून घेतली आणि फळावरील त्याच्या अंशाची मर्यादा अगदी खाली आणली. आता त्याऐवजी प्राणवायू अत्यंत कमी ठेवणे आणि १-एमसीपी हा वायू वापरणे या पद्धती रूढ झाल्या आहेत. फळ पिकवणारा इथिलीन वायू पेशीतल्या ज्या ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटतो, त्यांच्यावरच १-एमसीपी बसतो. त्यामुळे इथिलीनचा संदेश पेशीपर्यंत पोहोचत नाही, पिकण्याची क्रिया लांबते आणि फार्नेसीनही कमी बनते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात सिल्व्हिया ब्लँकनशिप आणि एडवर्ड सिस्लर यांच्या संशोधनातून हे तंत्र पुढे आले.

ग्रॅनी स्मिथचे गुण पुढच्या वाणांतही उतरले आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात आपोआप उगवलेले ‘लेडी विल्यम्स’ हे सफरचंद त्याचे अपत्य मानले जाते, आणि जॉन क्रिप्स यांनी १९७३ साली लेडी विल्यम्स व गोल्डन डेलिशस यांच्या संकरातून ‘क्रिप्स पिंक’ निर्माण केले, जे ‘पिंक लेडी’ या व्यापारी नावाने जगभर विकले जाते. त्याचा उशिरा तयार होण्याचा स्वभाव, टणक गर आणि गोडव्याखालून जाणवणारा आंबटपणा ग्रॅनी स्मिथची आठवण करून देतात, जरी साल गुलाबी असली तरी.

घरी आणलेली फळे शीतकपाटातल्या सर्वांत थंड कप्प्यात, छिद्रे असलेल्या पिशवीत ठेवावीत. खोलीच्या तापमानाला ती कितीतरी लवकर मऊ पडतात. सफरचंदे इथिलीन सोडतात, म्हणून पालेभाज्या आणि गाजरे त्यांच्यापासून दूर ठेवावीत, कारण त्या वायूने पाने पिवळी पडतात आणि गाजराला कडवट चव येते. निवडताना फळ हाताला जड आणि टणक लागावे, साल एकसारखी हिरवी असावी. सालीवरचे बारीक पांढरट ठिपके ही या वाणाची नैसर्गिक खूण आहे. भाजण्यासाठी किंवा जॅमसाठी गडद हिरवी फळे घ्यावीत, आणि कच्चे खाताना आंबटपणा सोसत नसेल तर किंचित पिवळसर झाक आलेली.